पाऊस ३१, स्टेशनवर ११.४ : रेनगेज दरवर्षी कमी का दाखवतं

गेल्या ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी होऊन सतरावा दिवस होता. बाग पाच-सहा पानांवर. संध्याकाळी पूर्वेकडून भरून आलं, विजा झाल्या आणि पाऊण तास नुसता ओतला. सकाळी फळीवरच्या, हवामान स्टेशनच्या डिस्प्लेवर बघितलं तर कालचा पाऊस ११.४ मिलिमीटर. अण्णा चहा ओतून घेता घेता म्हणाले, "अकरा कुठला? माझ्या डब्यात बघ जा." अण्णांचा डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. उभ्या भिंतींचा, अंगणात दोन विटांच्या बेचक्यात बसवलेला. पोराची शाळेची पट्टी त्यात बुडवली. ३१.

द्राक्षवाल्याला हा फरक फार महागात पडतो. स्पर्शजन्य, म्हणजे पानाच्या वरच राहणाऱ्या, बुरशीनाशकाचा थर दहा-अकरा मिलिमीटरात बऱ्यापैकी टिकतो, पंचवीस-तीसच्या पुढं गेला की बराचसा धुऊन जातो. अकरावर भरवसा ठेवला असता तर मी दोन दिवस निवांत बसलो असतो आणि डाऊनीला (केवडा रोगाच्या बुरशीला) रान मोकळं मिळालं असतं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या पावसानं बागांचं काय केलं ते तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात कुणाला सांगायला नको.

स्टेशनला आता चार वर्षं झाली. तापमान-आर्द्रतेचा सेन्सर पांढऱ्या थाळ्यांच्या उतरंडीत, वाऱ्याच्या वाट्या उंच पाइपवर, रेनगेज, म्हणजे पाऊस मोजायचं यंत्र, वेगळं आणि घरात डिस्प्ले. बाकी सगळं गुमान चालतं. रेनगेज मात्र दरवर्षी कधी ना कधी कमी दाखवायला लागतं. या एका दुखण्यावर मी आतापर्यंत पाच-सहा औषधं केली, त्यातली तीन चुकीची निघाली. कुठलं औषध कधी लागू पडलं आणि कुठलं उगाच केलं, ते लिहून ठेवतो. तुमचंही रेनगेज दोन वाट्यांचं, टकटक वाजणारं असेल (नरसाळ्याखालच्या पट्टीवर दोन वाट्या, त्या आलटून पालटून भरून उलटतात आणि दर उलटण्याला एक टक मोजली जाते) तर बरंचसं जुळेल.

आधी, खरंच कमी आहे का?

पहिल्या वर्षी मी रोज पेपरातला तालुक्याचा पाऊस आणि माझा आकडा समोरासमोर ठेवायचो आणि चिडायचो. माझा कधी निम्मा, तर कधी दीडपट. महिनाभरानं डोक्यात प्रकाश पडला. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ९ तारखेला सकाळी साडेआठला जो पाऊस मोजला तो ९ तारखेच्या नावावर जातो, मग त्यातला बहुतेक ८ च्या संध्याकाळी पडलेला का असेना. माझं स्टेशन मात्र रात्री बाराला पाटी पुसतं. आपल्याकडचा वळीव आणि परतीचा पाऊस पडतो संध्याकाळी, म्हणजे तो माझ्याकडं एका तारखेला आणि पेपरात दुसऱ्या तारखेला. काही स्टेशनच्या ॲपमध्ये दिवस कधी सुरू करायचा ते बदलता येतं. माझ्यात येत नाही, म्हणून वहीत साडेआठ ते साडेआठ असा वेगळा रकाना पाडलाय.

दुसरी गोष्ट, महसूल मंडळाचं स्वयंचलित केंद्र तुमच्या अंगणात नाही. वळीव बैलाचं एक शिंग भिजवतो आणि दुसरं कोरडं ठेवतो असं म्हणतात, ते काही उगाच नाही. तीन-चार किलोमीटरवर वीस मिलिमीटरचा फरक पडतो आणि त्यात दोन्ही यंत्रं बरोबर असतात. त्यामुळं दूरच्या आकड्याशी भांडण करून आपल्या रेनगेजबद्दल काहीच कळत नाही.

तुलना करायची ती शेजारच्या डब्याशी. रेनगेजपासून चार-पाच फुटांवर उभ्या भिंतींचं कुठलंही भांडं ठेवा. घमेलं किंवा तिरक्या कडांची बादली चालत नाही, कारण वर पसरट आणि खाली अरुंद भांड्यात पट्टीनं मोजलेली उंची खोटी येते. भिंती उभ्या असल्या की भांडं लहान असो की मोठं, आत जितके मिलिमीटर पाणी तितका पाऊस. पाणी उडून जाऊ नये म्हणून अण्णा त्यात चमचाभर गोडंतेल टाकतात. मला आधी हसू आलं होतं, पण त्यात काही चूक नाही, तेलाचा तवंग बाष्पीभवन रोखतो.

डबा आणि स्टेशन यांच्यात दहा टक्क्यांपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. वाऱ्यात शेजारी शेजारी ठेवलेली दोन भांडीही तेवढी वेगळी भरतात. तीन-चार पावसांत सलग स्टेशनच कमी असेल तर मात्र पुढं वाचा.

मी ज्याला उगाच दोष दिला

सिग्नल. डिस्प्लेवर अधूनमधून तापमानाच्या जागी दोन आडव्या रेघा यायच्या, म्हणून मी ठरवूनच टाकलं की पाऊस हवेतच हरवतोय. सेल बदलले, डिस्प्ले खिडकीत आणला, वायफायच्या पेटीला छोटा बॅकअप लावला. ज्यांच्याकडून स्टेशन घेतलं त्यांना फोन केला तर ते म्हणाले, रीसेट करा. केलं. पाऊस आपला कमीचा कमीच.

नंतर हातानं तपासल्यावर कळलं की माझ्या स्टेशनात रेनगेज दर वेळी "आत्ता एक टक झाली" असं सांगत नाही, सेल घातल्यापासून एकूण किती टका झाल्या तो आकडा पाठवतं. म्हणजे मधले पाच-दहा निरोप हरवले तरी पुढच्या निरोपात हिशेब भरून निघतो. तुमच्याकडं हे असंच आहे का ते बघायचं तर डिस्प्ले बंद करा, रेनगेजची पट्टी हातानं दहा वेळा उलटसुलट करा आणि डिस्प्ले चालू करा. थोड्या वेळानं दहा टकांचा पाऊस दिसला तर सिग्नल निर्दोष आहे.

सेलच्या बाबतीत एक चूक मात्र मी स्वतः केली. भर पावसात, दुपारी चारला, "सेल उतरले असतील" म्हणून काढून नवे घातले. एकूण आकडा शून्यावर आला आणि त्या दिवसाचा तोपर्यंतचा पाऊस गेला. सेल बदलायचे तर कोरड्या दिवशी. आणि रिचार्जचे सेल घालू नका. ते १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. दोन सेलमागं सहा दशांश व्होल्ट कमी पडतात आणि जानेवारीच्या पहाटे सेन्सर मान टाकतो.

दुसरा खोटा आरोपी म्हणजे पावसाचा जोर. वाटी उलटत असताना पडणारं पाणी मोजलं जात नाही, म्हणून मोठ्या पावसात असली रेनगेजं कमी दाखवतात, असं वाचलं होतं. ते खरं आहे, पण किती? माझी एक टक ०.३ मिलिमीटरची. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगानं कोसळला तरी दर अकरा सेकंदांना एक टक. उलटायला अर्धा सेकंद धरा. चुकून चुकून पाच टक्के. एकतीसचे अकरा त्यानं होत नाहीत.

नरसाळ्यात काय होतं

तर त्या सकाळी शिडी लावली. आमच्या रेनगेजच्या पश्चिमेला शेवगा आहे. वरून बघितलं तर नरसाळ्यात तीन बोटं पाणी तुंबलेलं, आणि पाऊस थांबून तेरा तास झालेले. पाणी काळसर. बोट घालून तळ चाचपला, काहीतरी मऊ, बुळबुळीत लागलं. उपसून काढलं तेव्हा कळलं की शेवग्याची ती नखाएवढी पानं एकावर एक चिकटून भोकावर बसलीत, अगदी पत्रावळ लावावी तशी, आणि त्यांच्या फटी काळ्या लगद्यानं लिंपल्यात. लगदा म्हणजे काजळी. आमच्याकडं ऊस आणि द्राक्ष शेजारी शेजारी नांदतात. हंगामात कारखान्याच्या धुराड्यातून आणि पाचट पेटवलं की फडातून काळी कुसळं उडत येतात. वाळवणाच्या कपड्यांवर पडली की आई शिव्या घालते, पण नरसाळ्यात पडतात ती कुणाला दिसत नाहीत. मार्चपर्यंत साठतात, जूनच्या भुरभुरीत भिजून खाली बसतात आणि परतीच्या पावसापर्यंत त्यांचा गिलावा होतो.

भोक पूर्ण बुजलं तर ते बरं, कारण स्टेशन शून्य दाखवतं आणि आपण लगेच शिडी लावतो. अर्धवट बुजलं की फसगत होते. भुरभूर पाऊस असेल तर थेंब थेंब पाणी खाली जात राहतं आणि आकडा बरोबर येतो. जोराचा आला की नरसाळं भरतं, काठावरून उसळून बाहेर जातं, काही उन्हात उडून जातं. म्हणून जुलैभर डबा आणि स्टेशन जुळतात, तुम्ही निर्धास्त होता, आणि ऑक्टोबरात नेमका हवा त्या दिवशी दगा होतो.

हे शिडी न लावताही ओळखता येतं. पाऊस थांबल्यानंतरचा आलेख बघा. माझ्या आलेखात त्या रात्री साडेसातला पाऊस थांबला होता, आभाळ मोकळं होऊन चांदणं पडलं होतं, तरी पहाटेपर्यंत ०.३, ०.३, ०.३ अशा नोंदी चालूच. आणि त्या घड्याळ लावून पडल्यासारख्या, सारख्या अंतरानं. खरी रिमझिम अशी शिस्तीत पडत नाही, कधी दोन मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानं. सारख्या अंतराच्या टका दिसल्या की नरसाळं ठिबकतंय समजा. ठिबकवाल्याला हे वेगळं शिकवायला नको.

उपाय सोपा निघाला, पण तो सापडायला दोन चुका लागल्या. आधी भोकावर मच्छरदाणीचा बारीक तुकडा बसवला. तो शेवग्याच्या पाल्यानं एका आठवड्यात बुजला. मग स्टीलची चहाची गाळणी दांडा कापून बसवली, तर ती वाटीसारखी खोल, पाला गोळा करायलाच ठेवल्यागत. शेवटी तीच गाळणी उलटी, घुमट वर करून ठेवली. पाला घुमटावरून घसरून कडेला पडतो, पाणी मधून जातं. गेला पूर्ण पावसाळा भोक उघडं राहिलं. काजळी काय, ती गाळणीतूनही जाते. तिच्यासाठी महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी नरसाळ्यात ओतायचं आणि बघायचं, भसकन गेलं पाहिजे. रेंगाळलं तर जुना टूथब्रश घेऊन वर चढायचं. ओतलेलं पाणी पाऊस म्हणून नोंदलं जातं, तेवढं वहीत लिहून वजा करा. नाहीतर एप्रिलमध्ये तुमच्या एकट्याच्या वस्तीवर वळीव पडल्याची नोंद राहते.

पक्ष्यांचंही बघा. आमच्याकडं कोतवाल नरसाळ्याच्या काठावर बसून किडे टिपायचा, आणि बसला की खाली प्रसाद ठेवूनच उठायचा. काठाभोवती केबल टाय आवळून त्यांची शेपटं वर उभी ठेवली. आता तो वाऱ्याच्या पाइपवर बसतो.

नरसाळं साफ, तरी कमी

तिसऱ्या वर्षी हे झालं. पाणी भसकन जात होतं, पण डब्यात २५ तर स्टेशनवर २१-२२. मग बाहेरचं कवच उचलून आत बघितलं.

आत एक सीसॉसारखी पट्टी असते, तिच्या दोन टोकांना दोन वाट्या. एक भरली की खाली जाते, रिकामी होते, दुसरी भोकाखाली येते. प्रत्येक वेळी पट्टीवरचा लोहचुंबक एका बारीक स्विचसमोरून जातो आणि मोजणी होते. म्हणजे बघायच्या जागा तीन. वाट्या, पट्टीची आस, आणि चुंबक.

चुंबकाचं लगेच कळतं. पट्टी हातानं सावकाश दहा वेळा उलटा, डिस्प्लेवर ३.० वाढलं पाहिजे. माझ्यात वाढलं. २.१ किंवा २.४ आलं असतं तर चुंबक ढिला झालाय किंवा स्विच मेलाय असं धरायचं.

वाट्यांत मात्र निळसर पांढरा पापुद्रा होता. बोर्डो, म्हणजे बागेवर फवारायचं मोरचूद-चुन्याचं मिश्रण. रेनगेज बागेच्या बांधाला होतं आणि ट्रॅक्टरचा ब्लोअर वळणावर त्याच्यावर फवारा मारूनच वळायचा. त्यावरून जुनं एक कोडंही सुटलं. स्वच्छ ऊन असताना सकाळी सात-साडेसातला ०.६, ०.९ असा भुताचा पाऊस नोंदला जायचा. फवारणीच्या वहीशी तारखा ताडून बघितल्या, सगळ्या जुळल्या. थंडीतला एखादा ०.३ धुक्याचा किंवा दवाचा असू शकतो, पण ०.९ म्हणजे ब्लोअर.

वाटीत चढलेला पापुद्रा खरं तर उलटं काम करतो. वाटी जड झाली की लवकर उलटते, म्हणजे जास्त दाखवायला हवं. माझं कमी दाखवत होतं कारण तोच चुना आशीत शिरून पट्टी अडखळत होती, जास्त पाणी भरल्याशिवाय हलत नव्हती. आणि त्यावर मी शहाण्यासारखं शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. दोन महिन्यांत तेलात धूळ आणि काजळी बसून ग्रीससारखा काळा मलम झाला. आशीला तेल घालायचं नाही, कोरडीच ठेवायची. पट्टी सोडवून लिंबूपाण्यात अर्धा तास ठेवली, पापुद्रा सुटला, कान साफ करायच्या कापसाच्या काडीनं आशीची भोकं पुसली, साध्या पाण्यानं धुऊन परत बसवली. फुंकर मारली तरी डुलायला लागली.

खालच्या निचऱ्याच्या भोकातून कुंभारमाशी आत जाऊन मातीचं घर बांधते, तेही एकदा निघालंय. अगदी वाटीच्या खाली, इतकं नेमकं की वाटी खाली टेकायच्या आधीच घरावर टेकायची. मच्छरदाणीचा तुकडा जिथं हवा तो इथं, निचऱ्याला.

पाणसळ आणि सलाईन

कवच उघडलंच आहे तर पाणसळ ठेवून बघा. माझं रेनगेज त्या बांधालगतच्या गोठ्याच्या अँगलला पकडलेलं होतं आणि त्या अँगलला म्हैस अंग घासायची. एका बाजूला चांगलंच कललेलं होतं. तिरप्या रेनगेजमध्ये एक वाटी लवकर उलटते, दुसरी उशिरा, आणि आकड्याला अर्थ राहत नाही. आता जमिनीत सिमेंटमध्ये पाइप रोवून त्यावर स्वतंत्र बसवलंय, म्हशीपासून आणि ब्लोअरपासून लांब. गवंड्याची पाणसळ आडवी-उभी दोन्ही दिशांनी लावून घेतली.

मग माप. माझ्या नरसाळ्याचं तोंड ११ सेंटीमीटर. क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटीमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ९.५ मिलिलिटर पाणी, आणि २० मिलिमीटरला १९० मिलिलिटर. तुम्ही आपल्या तोंडाचा व्यास मोजून हिशेब करा, छापलेल्या कागदावर विसंबू नका. हे १९० मिलिलिटर एकदम ओतलं तर वाट्या गडबडतात, सावकाश सोडायला हवं. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, चाळीस-पन्नास रुपयांची गोष्ट. बाटलीत सिरिंजनं मोजून पाणी भरलं, शिडीला टांगली आणि चाकी अशी आवळली की बाटली तासाभरात रिकामी व्हावी. आई बाहेर येऊन बघून गेली. "आता याला पण सलाईन लावली का?" एवढंच म्हणाली.

२० मिलिमीटरला ६६-६७ टका यायला हव्यात. साफसफाईच्या आधी मी हे केलं होतं तेव्हा ५८ आल्या होत्या, म्हणजे १७.४ मिलिमीटर. पट्टी धुऊन आणि पाणसळ लावून परत केलं तर ६४, म्हणजे १९.२. उरलेला फरक खरा यंत्राचा. तो ॲपमध्ये १.०४ चा गुणक टाकून भरून काढला. ज्यांच्या वाट्यांखाली स्क्रू आहेत त्यांनी दोन्ही स्क्रू सारखे, अगदी पाव-पाव फेरा वर घ्यावेत. स्क्रू वर गेला की वाटी लवकर उलटते.

आता मूळ चूक सांगतो, जिच्यामुळं दोन वर्षं वाया गेली. हा गुणक मी सगळ्यात आधी टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात डब्यात २५, स्टेशनवर वीसच्या आसपास. लगेच ॲप उघडून १.२५ ठोकला आणि आकडे जुळले म्हणून खूष. पुढच्या जूनमध्ये सहज नरसाळं धुतलं, तर पहिल्याच मोठ्या पावसात डब्यात ४० आणि स्टेशनवर ४८. मी समजलो यंत्र आता उलट्या बाजूनं बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं, मी घाणीचाच गुणक टाकून ठेवला होता. घाण कमीजास्त होईल तसा आकडा हलत राहिला आणि मी त्याच्यामागं गुणक बदलत राहिलो. १.२५, मग १.१, मग १.३. वहीतले त्या दोन वर्षांचे पावसाचे आकडे आज कुणाला दाखवायच्या लायकीचे नाहीत. तेव्हा आधी धुणं, मग पाणसळ, मग सलाईन, आणि गुणक शेवटी. १.१ पेक्षा मोठा गुणक टाकावासा वाटला तर हात आवरा आणि परत कवच उघडा.

जागा

हे सगळं करूनही जुलैत थोडं कमी येत असेल तर वारा बघा. पुनर्वसू-पुष्यात आमच्याकडं जो तरणा-म्हातारा पाऊस पडतो तो बारीक थेंबांचा, पश्चिमेच्या वाऱ्यावर तिरका जाणारा. नरसाळं जितकं उंच तितके हे थेंब त्याला चुकवून जातात. हवामान खात्याचं पर्जन्यमापक म्हणूनच जमिनीलगत असतं, काठ जेमतेम ३० सेंटीमीटरवर, आणि आसपासची झाडं, भिंती त्यांच्या उंचीच्या दुप्पट लांब. ज्यांचं सगळं एकाच खांबावर, गच्चीच्या टाकीला बांधलेलं आहे, त्यांचा वारा चांगला मोजला जाईल पण पाऊस कमीच येणार. वेगळं रेनगेज असेल तर खाली आणा. एकत्र असेल तर जुलैच्या भुरभुरीसाठी अण्णांच्या डब्यावर भरवसा ठेवा, दुसरा इलाज नाही.

सांगली शहरातल्या पाहुण्यांना ही माझी मिलिमीटरची काटकसर विनोदी वाटते. त्यांच्याकडं पावसाळ्यात विचारतात ते कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी किती फूट झालं. ४५ फूट ही धोक्याची पातळी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ च्या वर गेली होती. आणि ते पाणी सांगलीत पडलेलं नसतंच, कोयना-महाबळेश्वरकडून आलेलं असतं. आम्ही तालुक्याच्या कोरड्या अंगाला. वर्षाचा पाऊसच पाच-सहाशे मिलिमीटर, त्यातले वीस गायब झाले तर ते जाणवतात.

जून उजाडायच्या आत मी आता एक रविवार यासाठी ठेवतो. कवच काढणं, पट्टी धुणं, पाणसळ, दहा टका, सलाईन. दोन तास जातात. दुसऱ्यांदा हेच सगळं ऑक्टोबर छाटणीच्या आधी, पण तेव्हा सलाईन लावत नाही, नरसाळं आणि पट्टी एवढंच.

या महिन्यात डबा ४२, स्टेशन ४०.५. उरलेला दीड शेवग्याच्या आडोशानं जातोय अशी माझी समजूत आहे. झाड रेनगेजपासून बारा फुटांवर आणि उंचीला त्याहून जास्त. दर एप्रिलला फांद्या छाटतो, ऑगस्टपर्यंत परत तेवढ्याच. बुंध्यापासून तोडायचा विषय काढला की आई शेंगांची पाटी पुढं करते. त्यामुळं पुढच्या वर्षी पाइपच हलवणार आहे.